हॉस्पिटलमध्ये कला आणताना: स्वयंसेवक कलाकार कुठे, प्रशिक्षित थेरपिस्ट कुठे

हॉस्पिटलमध्ये चित्र, गाणं, नाच, नाटक आणायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत एक प्रश्न हमखास येतो: "इतके कलाकार स्वतःहून यायला तयार आहेत, मग पगारी थेरपिस्ट कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण तो विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघंही बऱ्याचदा ही एकाच कामाची स्वस्त आणि महाग अशी दोन रूपं आहेत असं धरून चालतात. माझ्या मते सगळा घोटाळा तिथेच सुरू होतो. ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्ही हवीत, आणि एकाचं काम दुसऱ्याच्या गळ्यात घातलं की त्याची किंमत पेशंट मोजतो. हा लेख प्रशासनातल्या, वॉर्ड सांभाळणाऱ्या आणि असा उपक्रम सुरू करू पाहणाऱ्या लोकांसाठी आहे.

पायरी पहिली: दोन कामं कागदावर वेगळी करा

थोडा इतिहास इथे उपयोगी पडतो. एड्रियन हिल हे ब्रिटिश चित्रकार १९३८ साली क्षयरोगामुळे सॅनेटोरियममध्ये होते. अंथरुणावर पडल्या पडल्या ते चित्रं काढू लागले, मग इतर रुग्णांना शिकवू लागले, आणि १९४२ मध्ये त्यांनीच 'आर्ट थेरपी' हा शब्द वापरात आणला. त्याच सुमारास वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयात मॅरियन चेस नृत्यातून रुग्णांबरोबर काम करू लागल्या. दोन्ही महायुद्धांनंतर अमेरिकेत जखमी सैनिकांच्या हॉस्पिटलांत वादक-गायक मोठ्या संख्येने गेले. त्यातले कितीतरी जण हौसेने, विनामोबदला गेले होते. रुग्णांवर होणारा परिणाम पाहून डॉक्टरांनी संगीतकारांना नोकरीवर घ्यायला सांगितलं, आणि लवकरच लक्षात आलं की हॉस्पिटलात काम करायला नुसतं चांगलं वाजवता येणं पुरत नाही. १९४४ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट या शिक्षणसंस्थेत म्युझिक थेरपीचा पहिला पदवी अभ्यासक्रम सुरू झाला, १९५० मध्ये राष्ट्रीय संघटना उभी राहिली. म्हणजे आज तुमच्या बैठकीत पडलेला प्रश्न हॉस्पिटलांना तेव्हाच पडला होता.

स्वयंसेवक कलाकार भेट द्यायला येतो. तो गातो, रंग देतो, गोष्ट सांगतो, शेजारी बसतो. पेशंटचा वेळ बरा जावा, त्याला थोडा वेळ आजारी माणूस असल्याचा विसर पडावा, एवढाच त्यामागचा हेतू असतो. हा हेतू मुळीच छोटा नाही.

कलेतून उपचार करणाऱ्या थेरपिस्टचं काम डॉक्टरांनी किंवा टीमने पेशंट पाठवला की सुरू होतं. आधी मूल्यमापन, मग ठरवलेलं उद्दिष्ट, त्यानुसार सेशन, प्रत्येक सेशनची केस पेपरवर नोंद, गरज पडली तर दिशा बदलणं आणि शेवटी काम रीतसर थांबवणं. या साखळीतली एक कडी जरी नसली तरी त्याला थेरपी म्हणू नये. बोर्डावर नाही, वेबसाइटवर नाही, देणगीच्या पत्रकातही नाही. 'आमच्याकडे म्युझिक थेरपी चालते' असं वाचून नातेवाईक आपल्या माणसाला घेऊन येतात आणि प्रत्यक्षात आठवड्यातून एकदा कॉरिडॉरमध्ये कुणीतरी बासरी वाजवून जातं. ही त्यांची फसवणूक आहे, मग बासरी कितीही सुरेल असो.

पायरी दुसरी: माणूस शोधण्याआधी वॉर्ड फिरा

बहुतेक उपक्रम उलट्या बाजूने सुरू होतात. कुणीतरी ओळखीचा कलाकार मिळतो आणि मग त्याला कुठे बसवायचं ते ठरतं. तसं करू नका. आधी वही घेऊन वॉर्ड फिरा आणि सिस्टरना विचारा: कुठे लोक नुसते कंटाळलेत, कुठे घाबरलेत, कुठे बोलणं बंद झालंय, कुठे दुखणं औषधांनीही पुरेसं आटोक्यात येत नाही.

कंटाळा आणि वाट पाहणं जिथे आहे तिथे स्वयंसेवक छान काम करतात. ओपीडीबाहेरची रांग, लॉबी, हाडांच्या वॉर्डात प्लास्टर घालून पडलेले लोक, आणि डायलिसिस युनिट. हिमोडायलिसिसचा पेशंट साधारण आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चारेक तास खुर्चीत असतो, तोही वर्षानुवर्षं. कलेला इतकी मोकळी जागा हॉस्पिटलात दुसरीकडे क्वचित मिळेल. पण फिस्टुलाचा, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचलेला, हात हलवायचा नसतो, म्हणजे सगळं एका हाताने जमायला हवं. कागद क्लिपने पॅडला लावलेला असावा, पॅड खाली न घसरणारं असावं, रंगांची झाकणं आधीच काढून ठेवलेली असावीत. पहिल्या दिवशी एवढं केलं नाही तर पेशंट "मला नाही जमत" म्हणून कायमचा बाजूला होतो.

मानसोपचार विभाग, भाजलेल्यांचा वॉर्ड, पॅलिएटिव्ह केअर (गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणारा विभाग), स्ट्रोकनंतरचं पुनर्वसन, नवजात बाळांचा आयसीयू, अत्याचार किंवा अपघातातून आलेली मुलं: इथे थेरपिस्ट हवा. मधल्या जागांबद्दल शंका असेल तर तीन प्रश्न विचारा. या कामामागे वैद्यकीय उद्दिष्ट आहे का? यातून असं काही वर येऊ शकतं का, जे सांभाळायला शिकलेला माणूस लागेल? जे घडेल ते केस पेपरवर जायला हवं का? एकाचंही उत्तर 'हो' आलं, तर ते थेरपिस्टचं काम. मुलांचा कॅन्सर वॉर्ड यात सगळ्यात अवघड, कारण तिथे एकाच मुलाला सोमवारी नुसती मजा हवी असते आणि गुरुवारी नाही. तिथे दोघंही असावेत आणि त्यांचं आपसात बोलणं व्हावं.

पायरी तिसरी: पुरावा जसा आहे तसा मांडा

व्यवस्थापनासमोर जाताना अभ्यास दाखवावे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कला आणि आरोग्यावरचा मोठा आढावा प्रसिद्ध केला, त्यात ३००० हून अधिक अभ्यासांचा धांडोळा आहे. पण तो फार व्यापक आहे. त्यात गायनमंडळापासून थेरपीपर्यंत सगळं येतं. नेमकं बोलायचं तर २०१३ सालचा एक अभ्यास बघा. त्यात ११ हॉस्पिटलांतली, वेळेआधी जन्मलेली २७२ बाळं होती. प्रशिक्षित म्युझिक थेरपिस्टनी मोजून-मापून केलेल्या थेट संगीताचा बाळांच्या हृदयाच्या ठोक्यांवर, दूध ओढण्यावर आणि झोपेवर परिणाम दिसला, आईवडिलांचा ताणही कमी झाला. हा अभ्यास दाखवून तुम्ही स्वयंसेवक गायकाला नवजात आयसीयूत पाठवू शकत नाही. त्या युनिटात आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये अशी अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे, आणि आपलं साधं बोलणंच साधारण ६० च्या आसपास असतं.

विरुद्ध बाजूही सांगा. २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये स्किझोफ्रेनिया असलेल्या ४१७ लोकांवर गटातल्या आर्ट थेरपीची मोठी चाचणी झाली. नेहमीच्या उपचारांपेक्षा वेगळा फायदा दिसला नाही. गटात येणाऱ्यांची हजेरीही कमी होती. म्हणजे पदवीधर थेरपिस्ट आणला आणि सरसकट सगळ्यांना एका खोलीत बसवलं की गुण येतो, असंही नाही. कोणाला पाठवायचं, आणि तो माणूस येतो का, यावर बरंच अवलंबून आहे.

संगीतावरचे अभ्यास वाचताना आणखी एक फरक लक्षात ठेवा. संशोधक हेडफोनवर रेकॉर्डिंग ऐकवणं वेगळं धरतात आणि थेरपिस्टने पेशंटबरोबर केलेलं काम वेगळं. शस्त्रक्रियेआधीची भीती कमी करायला पेशंटच्या आवडीचं रेकॉर्डिंगही कामी येतं, त्याला ना थेरपिस्ट लागतो ना स्वयंसेवक. ते लगेच सुरू करा.

पायरी चौथी: थेरपिस्टची पात्रता तपासा

ब्रिटनमध्ये आर्ट थेरपिस्ट, म्युझिक थेरपिस्ट आणि ड्रामाथेरपिस्ट ही पदनामं कायद्याने संरक्षित आहेत. सरकारी नोंदणी नसलेल्या कुणी ती लावली तर तो गुन्हा ठरतो. अमेरिकेत म्युझिक थेरपिस्टला पदवीबरोबर किमान १२०० तासांचं क्लिनिकल प्रशिक्षण आणि नंतर प्रमाणन परीक्षा द्यावी लागते, आर्ट थेरपिस्टला पदव्युत्तर शिक्षण लागतं. जिथे कायदा नाही तिथे तपासणी तुम्हालाच करायची आहे. अभ्यासक्रमात मानसशास्त्र आणि आजारांची माहिती होती का, प्रत्यक्ष रुग्णांबरोबर किती तास काम केलं, ते कोणाच्या देखरेखीखाली, आणि आत्ता सुपरव्हिजन (आपल्या केसेसवर अनुभवी थेरपिस्टचं नियमित मार्गदर्शन) कोणाकडे घेता, हे विचारा. शेवटच्या प्रश्नावर जो गडबडतो त्याला घेऊ नका. शनिवार-रविवारच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र हा उत्साहाचा पुरावा आहे, तो माणूस उत्तम स्वयंसेवक होऊ शकतो.

पद कुठल्या विभागात ठेवायचं, हे पगाराइतकंच महत्त्वाचं. पुनर्वसन, मानसोपचार, पॅलिएटिव्ह, यांपैकी कुठेही चालेल. जनसंपर्क विभागात अजिबात नको. तिथे ठेवलेला थेरपिस्ट सहा महिन्यांत कार्यक्रमांचं नेपथ्य आणि पाहुण्यांसाठीचं चित्रप्रदर्शन यांत अडकतो. त्याला राउंडला उभं राहता आलं पाहिजे, केस पेपर वाचता-लिहिता आला पाहिजे. सेशन अर्ध्या-पाऊण तासाचं असलं तरी तयारी, नोंद आणि टीमशी बोलणं यात तितकाच वेळ जातो, त्यामुळे दिवसाला चार-पाचपेक्षा जास्त वैयक्तिक सेशनची अपेक्षा धरू नका. बाहेरच्या अनुभवी थेरपिस्टकडून सुपरव्हिजन घेण्याचा खर्च पहिल्या दिवसापासून बजेटमध्ये असावा.

अर्धवेळ पदापुरतेच पैसे असतील तर दोनच वॉर्ड निवडा. सगळीकडे थोडं थोडं फिरवलं तर कुणालाच काही मिळत नाही. आणि त्याच माणसाला 'जाता जाता स्वयंसेवकही बघ' म्हणू नका. समन्वय हे वेगळं काम आहे, त्याला वेगळे तास लागतात. स्वयंसेवक फुकट असतात हा समजही इथेच मोडतो: निवड, प्रशिक्षण, वेळापत्रक, साहित्य, ऐन वेळी न आलेल्यांची सोय, हे सगळं कुणीतरी पगारी माणूस करत असतो. नसेल, तर वॉर्डची सिस्टर करत असते, आणि तिला आधीच पुरेसं काम आहे.

जो व्यावसायिक कलाकार दर आठवड्याला ठरावीक तास येतो त्यालाही मानधन द्या. फ्लोरिडा विद्यापीठाच्या हॉस्पिटलात १९९० पासून निवासी कलाकारांची, म्हणजे हॉस्पिटलने नेमलेल्या कलाकारांची, अशी परंपरा आहे. तो थेरपिस्ट नव्हे, पण त्याचं कामही हौस नव्हे.

पायरी पाचवी: स्वयंसेवक निवडताना नकार बघा

कला किती चांगली, हा दुसरा प्रश्न. पहिला असा: नकार पचवता येतो का? मुलाखतीत एवढंच विचारा, "तुम्ही गायला सुरुवात केली आणि पेशंटने तोंड फिरवलं, तर काय कराल?" जो म्हणतो "हळूहळू त्यांना आवडायला लागेल", त्याला थांबवा. जो म्हणतो "थांबेन, विचारेन, निघून जाईन", तो आपला माणूस. हॉस्पिटलात पेशंटला सुई, तपासणी, पथ्य कशालाच सहज नाही म्हणता येत नाही. कलाकाराला नाही म्हणता येणं हा त्याच्या हातातला थोडासा ताबा असतो, तो काढून घेऊ नका.

नुकतंच घरातलं कुणी गेलं आहे आणि त्याच वॉर्डात सेवा करायची आहे, असं सांगत येणारे बरेच भेटतात. त्यांची कळकळ खरी असते. त्यांना काही महिने थांबायला सांगा, किंवा आधी लॉबीत काम द्या.

ओळखपत्र, चारित्र्य पडताळणी, लसीकरण, ताप-खोकला असेल तर न येण्याची लेखी कबुली, हे सगळीकडे लागतंच. त्यानंतर दोन-तीन फेऱ्या जुन्या स्वयंसेवकामागे नुसतं फिरायचं. अमेरिकेत १९९९ पासून चालणाऱ्या म्युझिशियन्स ऑन कॉल या संस्थेत गायकाबरोबर एक दुसरा स्वयंसेवक असतो, तो त्याला खोलीखोलीतून घेऊन जातो. ही जोडीची पद्धत उचलण्यासारखी आहे, कारण विचारणारा आणि गाणारा वेगळे असले की पेशंटला नाही म्हणणं सोपं जातं.

पायरी सहावी: वॉर्डात शिरताना

पहिली भेट सिस्टरची. "आज कुठल्या बेडकडे जायचं नाही?" हा प्रश्न रोज विचारायचा, कालचं उत्तर आज चालत नाही. प्रत्येक पेशंटआधी आणि नंतर हात सॅनिटायझरने वीस ते तीस सेकंद चोळायचे. मनगटावर बांगड्या, धागे, घड्याळ नको. खडू-पेन्सिली पेशंटलाच देऊन टाकायच्या किंवा पुसता येतील अशाच वापरायच्या. ब्रशचा एकच पेला चार जणांत फिरवायचा नाही. प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांजवळ माती, ताजी फुलं, वाळलेली पानं नेऊ नका, त्यांत बुरशी असते. लेटेक्सचे फुगे नकोत. टर्पेंटाइनसारखे वासाचे द्रव नकोत. मानसोपचार वॉर्डात कात्री, सुया, दोऱ्या आत जाताना मोजायच्या आणि बाहेर येताना पुन्हा मोजायच्या. सिस्टिक फायब्रोसिस (फुप्फुसांवर परिणाम करणारा जन्मजात आजार) असलेली दोन मुलं कधीही एका टेबलावर बसवू नका, एकाचे जंतू दुसऱ्याला लागू नयेत म्हणून त्यांच्यात किमान दोन मीटर अंतर लागतं, आणि सगळ्यांनी मिळून चित्र काढायच्या उत्साहात नेमका हाच नियम मोडला जातो.

बेडजवळ गेल्यावर बोलणं साधं असावं. "आजी, मी रेखा. थोडा वेळ गाणं म्हणू का इथे? नको असेल तर तसं सांगा, मी उद्या येईन." आजार विचारायचा नाही. "लवकर बरे व्हाल" असंही म्हणायचं नाही, कारण ते आपल्याला ठाऊक नसतं.

पायरी सातवी: जिथे धागा एकाच्या हातून दुसऱ्याकडे जातो

सगळा कस इथे लागतो, म्हणून हे जरा सावकाश.

समजा, आठ वर्षांचा मुलगा स्वयंसेवक ताईबरोबर घर रंगवतोय. छप्पर लाल, दार हिरवं. मग तो एक खिडकी काळ्या खडूने गिरवायला लागतो, इतकी की कागद फाटतो, आणि म्हणतो, "इथे मी लपतो." ताईच्या मनात लगेच दहा प्रश्न येतील. त्यातला एकही विचारायचा नाही. "कोणापासून?" हा प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर आलं तर ते ऐकून घेऊन सांभाळायची तयारी तिची नाही. शिवाय पुढे चौकशी झाली तर मुलाला काय सुचवलं गेलं, यावरही वाद होऊ शकतो. काळा रंग म्हणजे दुःख वगैरे अर्थही लावायचे नाहीत. हाताजवळ काळा खडू होता म्हणूनही मुलं काळं रंगवतात.

तिने म्हणायचं, "हं, इथे तू लपतोस." थांबायचं. तो पुढे बोलला तर ऐकायचं, नाही बोलला तर रंगवू द्यायचं. निघताना, "आज तुझ्याबरोबर रंगवायला मजा आली." आणि तिथून थेट सिस्टरकडे: मुलगा काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत, स्वतःचा अर्थ न जोडता. सिस्टर ते डॉक्टर आणि थेरपिस्टपर्यंत नेते. मुलाला कुणी त्रास देतंय अशी शंका असेल तर हॉस्पिटलची बालसंरक्षणाची ठरलेली वाट त्याच दिवशी धरायची. स्वयंसेवकाने "हे कुणाला सांगणार नाही" असं वचन मुलाला कधीही देऊ नये. पहिल्याच प्रशिक्षणात हे दोन-चारदा करून दाखवा, एकाला मुलगा करा आणि दुसऱ्याला ताई. ऐकून हे कुणाला येत नाही.

थेरपिस्ट याच चित्रापाशी पुढच्या दिवशी बसेल ती वेगळ्या तयारीने. तिला मुलाची केस माहीत असते, ठरावीक वेळी ती परत येणार हे मुलाला माहीत असतं, आणि चित्रातून काही बाहेर आलं तर ते पुन्हा मिटवून मुलाला शांतपणे वॉर्डात परत पाठवायची जबाबदारी तिची असते.

दुसरं उदाहरण मोठ्यांचं. डाव्या मेंदूत स्ट्रोक झालेला माणूस, समजतं पण शब्द फुटत नाही. स्वयंसेवक शेजारी बसून जुनं गाणं म्हणतो आणि हा माणूस अख्खी ओळ बरोबर म्हणतो. नातेवाईकांच्या डोळ्यांत पाणी येतं. पण त्याला पाणी हवं असेल तर तो अजूनही मागू शकत नाही. ते काम पुढचं. 'मेलडिक इंटोनेशन थेरपी' ही पद्धत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बॉस्टनमध्ये तयार झाली. स्पीच थेरपिस्ट किंवा म्युझिक थेरपिस्ट, बरेचदा दोघं मिळून, रोज लागणारं छोटं वाक्य दोन सुरांत बसवतात. "पा-णी-दे", आणि प्रत्येक अक्षराला पेशंटच्या डाव्या हातावर एक टकटक. आधी दोघांनी गुणगुणायचं, मग एकत्र म्हणायचं, मग थेरपिस्टने मध्येच गप्प व्हायचं आणि पेशंटने पूर्ण करायचं. हळूहळू सूर काढून घेत साध्या बोलण्याकडे यायचं. महिनाभर रोज हेच करावं लागतं, कुठल्या वाक्यावर तो अडकतो ते लिहून ठेवावं लागतं. त्या गायक स्वयंसेवकाचं काम वाया गेलं का? मुळीच नाही. हा माणूस गाऊ शकतो, हे त्याच्यामुळेच टीमला कळलं. म्हणून स्वयंसेवकांकडून आलेली माहिती टीमपर्यंत जायची वाट आधीच आखून ठेवा.

पायरी आठवी: चित्र कोणाचं, फोटो कोणाचा

स्वयंसेवकाबरोबर काढलेलं चित्र पेशंटचं, ते घरी जातं. थेरपीत काढलेलं चित्रही पेशंटचंच, पण ते उपचाराच्या गोपनीयतेखाली येतं, आणि किती काळ कुठे जपायचं ते हॉस्पिटलच्या रेकॉर्डच्या नियमांत लिहिलेलं असावं. ते भिंतीवर लागत नाही. वार्षिक अहवालात छापलं जात नाही, नाव झाकलं तरीही. फोटो घ्यायचा असेल तर लेखी परवानगी हवी, ती कार्यक्रम रंगात आलेला असताना नको, आधी शांतपणे विचारून घ्यावी. आजारी माणूस समोर उभ्या असलेल्या भल्या माणसाला नाही म्हणत नाही, हे ध्यानात ठेवून विचारा.

पायरी नववी: मोजायचं काय

स्वयंसेवकांसाठी थोडकंच पुरे: किती भेटी झाल्या, किती जणांनी नको म्हटलं, सिस्टरना कामात अडथळा वाटला का, स्वयंसेवक टिकतात का. नकारांचा आकडा शून्य असेल तर खूश होऊ नका, विचारायची पद्धत चुकते आहे. थेरपिस्टच्या कामाला वैयक्तिक उद्दिष्टं लागतात: ड्रेसिंगच्या वेळी वेदनेचा आकडा शून्य ते दहात कुठे, पेशंट किती वाक्यं स्वतःहून म्हणाला, व्यायामाला किती वेळ टिकला. दोन्ही आकडे एका तक्त्यात घालून 'प्रति पेशंट खर्च' काढू नका. चाळीस जणांना एक गाणं आणि एकाला महिनाभराची सेशन यांची तुलनाच होत नाही, आणि एकदा असा तक्ता बनला की पुढच्या बजेटमध्ये कात्री कुणावर चालते ते सांगायला नको.

पायरी दहावी: थांबण्याची तयारी

उपक्रम थांबतात, माणसं सोडून जातात. थेरपिस्ट सोडणार असेल तर तिच्या चालू पेशंटना निदान दोन-तीन आठवडे आधी, तिच्याच तोंडून कळलं पाहिजे, आणि शेवटची सेशन त्यासाठीच राखून ठेवावीत. ज्यांना पुढे गरज आहे त्यांची कागदपत्रं पुढच्या माणसाकडे किंवा मानसोपचार विभागाकडे रीतसर सोपवावीत. मधल्या काळात जागा रिकामी दिसू नये म्हणून तिथे स्वयंसेवक बसवू नका. त्या वॉर्डला सरळ सांगा की थेरपी तूर्त बंद आहे आणि नवीन नेमणूक अमुक महिन्यात होणार आहे. स्वयंसेवकही बदलणार असेल तर ज्या बेडवर त्याची वाट पाहिली जाते तिथे समन्वयकाने स्वतः जाऊन ते कळवावं.